चार पिढ्यांचा फोटो

वंशावळ मंडळाच्या वार्षिक सभेत सर्वांत वयोवृद्ध सभासदाचा सत्कार होता. म्हाताऱ्याच्या चाकांच्या खुर्चीभोवती त्याचा मुलगा, नातू आणि नातवाची चिमुरडी फोटोसाठी ऐटीत उभे राहिले. खुर्ची ढकलत आणणारी त्याची दत्तक मुलगीही कडेला उभी राहू लागली, तसे अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. मंडळाच्या वंशावळ-ग्रंथात आम्ही फक्त रक्ताची माणसं घेतो. गैरसमज नको हं."

तिने भावाकडे पाहिलं. तो टाय सरळ करण्यात गर्क होता. ती बाजूला झाली.

फोटोग्राफर "हसा" म्हणाला आणि नेमकी तेव्हाच म्हाताऱ्याची पँट ओली झाली. नातवाने आपल्या चिमुरडीला मागे ओढलं. मुलगा नाकाला रुमाल लावून कुजबुजला, "अगं, बघ ना जरा!"

"बघतेय की, दादा. चारही पिढ्या छान दिसतायत."

कुणी जागचं हललं नाही. म्हातारा बावरून इकडेतिकडे बघू लागला. "माझी पोर कुठे गेली?"

मग मात्र तिला राहवेना. तिने पुढे होऊन सत्काराचा पुष्पगुच्छ भावाच्या हातात कोंबला, आपला स्वेटर म्हाताऱ्याच्या मांडीवर पसरला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"अहो ताई, फोटो व्हायचाय!" अध्यक्ष ओरडले.

"काढा ना," ती म्हणाली. "वंश अख्खा ठेवलाय तुम्हाला. मी फक्त माझ्या बाबांना घेऊन चाललेय."