गल्लीचं बारसं

"बाळाचं झालं. आता या गल्लीच्या कानातही कुणीतरी कुर्रर्र करा," पाळण्याशी बसलेली नणंद म्हणाली, आणि घुगऱ्या खाणाऱ्या बायका हसल्या.

मला हसू आलं नाही. आठवड्यापूर्वी दूध पिताना ठसका लागून लेकीचा श्वास अडकला, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स शेजारच्या रस्त्यांवर घिरट्या घालत राहिली. आमच्या नव्या वसाहतीतल्या गल्लीला नावच नव्हतं. घराघरातल्या पुरुषांना आपापल्या वडिलांचं नाव हवं होतं, म्हणून कोपऱ्यावरची पाटी अजून कोरी होती.

"नाव ठेवायचा मान आत्याचा. गल्लीला कुठली आत्या?" कुणीतरी विचारलं.

"द्वारकाकाकू," मी म्हणाले. त्या दिवशी शेजारच्या याच काकू हमरस्त्यावर धावल्या होत्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स अडवून घेऊन आल्या होत्या.

काकूंनी खिडकीबाहेर, पाण्याच्या उंच टाकीकडे पाहिलं. "लाल टाकीची गल्ली. टाकी लांबूनही दिसते."

"आणि उद्या टाकी पाडली तर?" दारातून सासरे म्हणाले.

"पाडू देत की. चिंचेच्या चौकात कुठं चिंच उरलीये, भावोजी? तरी रिक्षावाले पोचतातच ना?"

सासऱ्यांनी वडिलांच्या नावाचा विषय पुन्हा काढला नाही. घुगऱ्यांची वाटी तेवढी मागून घेतली.

इतक्यात आईचा फोन आला. तिची रिक्षा याही वेळी चुकली होती.

"लाल टाकीची गल्ली म्हणून सांग," मी म्हटलं.

पलीकडून रिक्षावाल्याचा आवाज आला, "हां, टाकी दिसतेय. आलोच."

ठसक्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच लेकीला मागे ठेवून मी घराबाहेर पडले, आईला घ्यायला.