वीस गुंठे विषमुक्त

राधानगरीजवळच्या एका वाडीत पाच संस्था मिळून काम करतात. तीन संस्था गावकऱ्यांकडून जंगल राखून घेतात आणि दोन त्यांना रासायनिक खत-औषधाशिवाय शेती शिकवतात. गेल्या बुधवारी पहाटे त्या राखलेल्या जंगलातून गव्यांचा कळप उतरला आणि वाडीतल्या केरबामामांचं वीस गुंठ्यांतलं, असंच विषमुक्त पिकवलेलं, घराला वर्षभर पुरणारं भाताचं पीक बुडापासून खाऊन गेला. बांधापलीकडच्या युरियावाल्या पिकाला एकाही गव्यानं तोंड लावलं नाही.

संस्थांचा आनंद गगनात मावेना. जंगलवाले म्हणाले, गवे परत आले हे आमचं यश. शेतीवाले म्हणाले, त्यांनी नेमकं विषमुक्त पीक ओळखलं हे आमचं. मग रविवारी सगळ्यांनी मिळून त्याच रिकाम्या रानात मांडव घातला, मामांना फेटा बांधला, शाल पांघरली. सूत्रसंचालन करणाऱ्या अवंतिकाताईंनी जाहीर केलं, "मामांच्या या रानातला विषमुक्त भात जेवल्याशिवाय कुणीही जायचं नाही."

मामांनी फेटा सावरत माइक हातात घेतला.



"ताई, भात कुठला आता? प्रमुख पावणं बुधवारीच जेवून गेलं की."