राहण्याजोगं घर

"घर राहण्याजोगं आहे, वहिनी. भेगा जुन्या आहेत, पुराच्या नाहीत," विमा कंपनीचा सर्व्हेअर आतली भिंत थोपटत म्हणाला.

पूर ओसरल्यापासून वासंतीची अंथरुणाला खिळलेली सासू देवळाच्या ओवरीत पडून होती. वासंतीने पदर खोचला, बाहेर येऊन दाराला कडी घातली आणि दगड फोडायचा घण उचलला.

पहिल्या घावाला गिलावा ढासळला. दुसऱ्याला कौलं कोसळली आणि आतून किंकाळी आली. "अहो वहिनी, जीव घेता की काय!"

"राहण्याजोगं आहे ना? मग राहा की!"

तिसऱ्या घावाला वासा कडाडला. "नाही हो! पुरानं पाया खचलाय, अख्खं घर पडेल!"

वासंतीने घण खांद्यावर तोलला. "लिहा तसं. मग कडी काढते."