मुका तळवा

काजूच्या कारखान्यातून परतलेली आई दारातूनच थोरल्या सुमनला म्हणाली, “जेवलंस काय गो?”

नऊ वर्षांच्या मुक्ताकडे तिने नुसतं हसून पाहिलं. मुक्ताच्या दंडावरची चकती तिची साखर मोजायची, लागेल तेवढं इन्सुलिन सोडायची आणि सगळं आईच्या तळव्याला कळवायची. साखर उतरली की आईच्या तळव्याला मुंग्या येत, चढली की तो गरम होई. दवाखान्यात दोघींना हे बसवल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आईने मुक्ताला जेवणाचं कधी विचारलं नव्हतं.

“माका कित्याक इचारणस नाय?” मुक्ताने विचारलं.

“तुझा माका कळता मगे!”

“तुका आयेचो आख्खो हात,” सुमन फणकारली. “माका नुसतो प्रश्न!”

मुक्ताला तोच प्रश्न हवा होता.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेल्यावर तिने चकती उपटली आणि तांदळाच्या डब्यात लपवली. थोड्याच वेळात आई धापा टाकत घरात शिरली. काजू सोलून काळे झालेले हात तिने धुतलेही नव्हते.

“तळवो मुको झालो गो! काय होता तुका? जेवलंस काय?”

“पेज जेवलंय,” मुक्ता सावकाश सांगू लागली. “पेजेबरोबर कुळथाची पिठी. थोडी उरली.”

तेवढ्यात आईला तिचा उघडा दंड दिसला. तिने डोळे वटारून हात पुढे केला. मुक्ताने डब्यातून चकती काढली, पण मूठ उघडली नाही.

“लावन घेतंय,” ती म्हणाली. “पण कळला तरी इचारशीत?”