काठावर थांबतो

सर फोनवर शांतपणेच बोलत होते, पण रुचिकाचे कान तापले होते. तिच्या शोधनिबंधातल्या एका ओळीवर त्यांनी लाल रेघ मारली होती. कविता जुनी, लॅटिन. माणूस मेल्यावर त्याला नदी ओलांडावी लागते, पण ज्याला मूठमाती मिळाली नाही, त्याला नावाडी होडीत घेऊ शकत नाही. पुढची ओळ एवढीच : काठावर शंभर वर्षं थांबतो.

कोण थांबतो, ते कवीनं लिहिलेलं नाही. मराठीसारखाच लॅटिनमध्येही कर्ता गाळला तर चालतो. आजवर सगळ्यांनी अर्थ लावला, मेलेला थांबतो. रुचिकानं लिहिलं होतं, नावाडी.

व्याकरणात बसतं, सर म्हणाले, पण ज्याला होडीत घेताच येत नाही त्याच्यासाठी नावाडी कशाला थांबेल? सोमवारपर्यंत एक तर आधार दे, नाहीतर ओळ बदल. त्याशिवाय सही मिळणार नाही.

तिची आई, मनुबाई, अंगणात जवळा वाळत घालत होती. रुचिकानं तिला सगळं सांगितलं. मूठमाती म्हणताना जरा अडखळली. वडील तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेले, ते सापडलेच नव्हते.

मनुबाईचे हात थांबले नाहीत.

"तुज्या बापाला शोधाया गेलेल्या होड्या तिसऱ्या दिवशी परत आल्या," ती म्हणाली. "तुजा शिवदासमामा न्हाय आला. नऊ दिवस तितंच व्हता. घेता येत न्हाय म्हणून होडीवाला निघून येतो व्हय?"

रुचिका आत गेली. ओळीला तिनं हात लावला नाही. खाली तळटीप घातली : 'शिवदास, आगरदांडा. नऊ दिवस.' आणि निबंध पाठवून दिला.

तासाभरात सरांचा फोन आला. हे शिवदास कोण, कुठल्या विद्यापीठात असतात, त्यांनी विचारलं. माझे मामा, मासेमारी करतात, असं म्हणून तिनं नऊ दिवसांचं सांगितलं.

मग सरांनी विचारलं, "आणि वडील सापडले?"

"नाही," रुचिका म्हणाली. "पण ओळीत सापडतो असं कुठं लिहिलंय, सर? थांबतो असं लिहिलंय."