शांतता क्षेत्र

लोणावळ्याजवळच्या त्या छोट्या शाळेमागे रिसॉर्टसाठी खडक फोडणारा ब्रेकर सुरू झाला, तेव्हापासून कौमुदीबाईंना ओरडून शिकवावं लागत होतं. शेवटी त्या नियोजन कार्यालयात गेल्या. “शाळेपासून शंभर मीटरच्या आत शांतता हवी, असा तुमचाच नियम आहे.”

साहेबांनी मान डोलावली. “अगदी बरोबर, मॅडम. सोमवारीच बंदोबस्त करतो.”

सोमवारी ब्रेकर खरंच गप्प होता. बाई हलक्या आवाजात बोलल्या, तरी मागच्या बाकावरच्या ओवीला ऐकू गेलं.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. गावातला कैलास आत येऊन बाक उचलू लागला.

“अरे, हे काय?”

“शाळा पल्याडच्या गावात हलवायची हाय, बाई. साहेबांचा हुकूम. हितं शाळाच न्हाई, तर आवाजाला आडकाठी कशाची?”

“माझ्या तक्रारीवर हा बंदोबस्त? आणि आज ब्रेकर बंद ठेवला तो?”

कैलासनं मान खाली घातली. “साहेब नियमाचे लय पक्के. शेवटचा बाक टेम्पोत चढल्याबिगर मशीन चालू करायची न्हाई म्हणाले.”

बाई तरातरा मागे गेल्या आणि ओवीला सरकवून त्या शेवटच्या बाकावर बसल्या.

“मग हा उचलून दाखव.”