साबणाचा वास

तानुबाईची नजर गेली, आणि पाठोपाठ माणसांची ओळखही. पुण्याला नोकरी करणारा थोरला मल्हार गावी आला, की आधी साबण लावून अंघोळ करायचा आणि मगच आईजवळ बसायचा. आजारी माणसाजवळ तसंच कसं जायचं!

"आये, मी मल्हार."

ती हात काढून घ्यायची. "कोन रं तू? माझा मल्हार मेंढरं घेऊन गेलाय. यील आता."

या खेपेला तो दारात पोचला, तर मेंढी अडलेली. धाकटा धनाजी एकटाच झटत होता. मल्हारनं बॅग टाकली आणि बाह्या वर सारल्या. बऱ्याच खटपटीनंतर कोकरू बाहेर आलं. मेंढीनं ते हुंगलं आणि चाटायला घेतलं.

मल्हार तशाच भरल्या हातांनी न्हाणीकडं निघाला. तो बाजेजवळून गेला, तशी आई उठून बसली. चाचपडत तिनं त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला.

"आलास व्हय रं मल्हार? लय येळ लावलास." मग आवाज बारीक करून म्हणाली, "ते साबनाच्या वासाचं पोरगं येतंय बघ अधनंमधनं. मलाच आये म्हनतंय. वाट चुकलंय बिचारं. त्येला त्येच्या आईकडं पोचवून ये."

मल्हार तिथंच जमिनीवर बसला.

"पोचलं गं, आये."